कोपऱ्यावरचा माणूस

१९५२ साली लॉस एंजेलिसमधल्या विमानांच्या एका कारखान्यात डिक लेन नावाचा पंचविशीच्या आसपासचा कृष्णवर्णीय तरुण कामाला होता. काम काय, तर तेलाने निथळणारे धातूचे जड पत्रे उचलायचे. त्या कामाला तो इतका कंटाळला की एक दिवस बगलेत कात्रणवही मारून थेट रॅम्स या व्यावसायिक फुटबॉल संघाच्या कचेरीत शिरला. वहीत होतं काय? नेब्रास्कातल्या एका लहानशा कॉलेजात काढलेलं एक वर्ष आणि लष्करातल्या चार वर्षांत खेळलेले सामने. प्रशिक्षक जो स्टायडाहार यांनी वही चाळली आणि त्याला सरावाला बोलावलं.

त्याच मोसमात १२ सामन्यांमध्ये लेनने प्रतिस्पर्ध्यांचे १४ पास हवेतल्या हवेत पळवले. अमेरिकन फुटबॉलमध्ये याला इंटरसेप्शन म्हणतात. चेंडू त्यांचा, नेम त्यांचा, आणि झेल मात्र तुमचा. एका मोसमात १४ हा विक्रम आजही उभा आहे. मधल्या काळात मोसम १४ सामन्यांचा झाला, मग १६ आणि आता १७ सामन्यांचा. पास कितीतरी जास्त फेकले जातात. खेळाडू उंच, वेगवान, शास्त्रशुद्ध तयार झालेले. धावण्याचे, पोहण्याचे, षटकारांचे विक्रम पंचवार्षिक योजनेसारखे बदलत असताना हा एक आकडा सत्तर वर्षं जागचा हललेला नाही. हे कोडं सोडवायला गेलं की माणूस एका जागेच्या इतिहासात जाऊन पडतो. त्या जागेचं नाव कॉर्नरबॅक.

ज्यांना हा खेळ ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद खुशाल ओलांडावा. बाकीच्यांसाठी एवढंच : दोन्हीकडे ११ गडी, मैदान १०० यार्डांचं. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांनी चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं. नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. सरकत सरकत शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन. सरकण्याच्या वाटा दोन. चेंडू छातीशी कवटाळून गर्दीत घुसायचं, किंवा क्वार्टरबॅकने तो लांब फेकायचा आणि कडेने सुसाट पळणाऱ्या रिसीव्हरने झेलायचा. कॉर्नरबॅक हा या रिसीव्हरचा पहारेकरी. पळणाऱ्याला आपण कुठे वळणार ते माहीत असतं, पहारेकऱ्याला नसतं. त्यात भर म्हणजे पहारेकरी पहिली काही पावलं तोंड पुढे ठेवून उलटा पळतो. समोरच्याने वेग वाढवला की कंबर फिरवून त्याच्या जोडीने धावायचं. ती कंबर अर्धा क्षण लवकर फिरली किंवा उशिरा फिरली की खेळ खलास. धिप्पाड पुढची फळी चुकली तर तिच्या मागे सावरून घ्यायला कोणीतरी असतं. कॉर्नरबॅकच्या मागे पुष्कळदा फक्त हिरवळ असते. म्हणून त्यांच्या बोलीत या कामाला 'बेटावर असणं' म्हणतात.

कबड्डी बघणाऱ्या मराठी माणसाला कोपरारक्षक परका नाही. चढाई करणाऱ्याचा पाय कधी लांबतो याकडे डोळे लावून टोकाला उभा असलेला गडी आपण लहानपणापासून पाहिलेला असतो. पण आपल्या कोपरारक्षकाच्या हातात शेजाऱ्याचा हात असतो, साखळी असते. या अमेरिकन भाऊबंदाला ती नाही.

तर, या जागेचा जन्म. त्याआधी पासचा जन्म व्हायला हवा होता आणि तो मृत्यूंतून झाला. १९०५ पर्यंत हा खेळ म्हणजे माणसांच्या दोन भिंती एकमेकींवर आदळण्याचा प्रकार होता. त्या एका मोसमात अठरा-एकोणीस तरुण दगावले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसवर बोलावून खेळ सुधारा म्हणून बजावलं. गर्दी फोडायची तर चेंडू हवेत जायला हवा, या विचाराने १९०६ मध्ये पुढे फेकलेल्या पासला परवानगी मिळाली. मिळाली ती कुरकुरतच : पास कोणाच्याही हाताला न लागता जमिनीवर पडला तर चेंडू सरळ प्रतिस्पर्ध्यांना. ५ सप्टेंबर १९०६ रोजी विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा इथे सेंट लुइस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिला कायदेशीर पास फेकला. तो पडला. चेंडू गेला. दुसरा मात्र झेलला गेला आणि त्यावर टचडाउन झालं.

इतकी जोखीम असताना पास फेकणार कोण, आणि फेकलेच जात नसतील तर पहारेकरी कशाला? पुढची पंचवीसेक वर्षं अशीच गेली. मग १९३३ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगने चाल सुरू होते त्या रेषेच्या मागे कुठूनही पास फेकायला मुभा दिली, त्याच सुमारास चेंडूही सडपातळ झाला, हातात बसू लागला. तरीही खास बचावासाठीचा असा खेळाडू नव्हता. तेच ११ गडी हल्ला करायचे आणि तेच बचाव. मुक्तपणे गडी बदलण्याची सोय महायुद्धात माणसं कमी पडली म्हणून तात्पुरती आली आणि १९५० मध्ये कायमची झाली. एका माणसाची दोन माणसं झाली, एक हल्ल्याचा, एक बचावाचा. आता कोणी आयुष्यभर फक्त रिसीव्हरच्या मागे धावतो म्हटलं तर त्याला पगार मिळण्याची शक्यता तयार झाली.

आणि त्याच वर्षी त्याची गरजही पडली. क्लीव्हलँड ब्राउन्स हा पास फेकण्यात तरबेज संघ दुसरी लीग बंद पडल्यामुळे १९५० मध्ये एनएफएलमध्ये आला. त्यांच्या क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहमला आवरायचं कसं? १ ऑक्टोबर १९५० रोजी न्यूयॉर्क जायंट्सचे प्रशिक्षक स्टीव्ह ओवेन यांनी सहा गडी पुढे, एक मध्ये आणि चार मागे अशी रचना लावली. मागचे चौघे छत्रीसारखे पसरत, म्हणून 'अंब्रेला'. या छत्रीच्या दोन टोकांवरचे गडी हे आजच्या कॉर्नरबॅकचे थेट पूर्वज. त्यातला एक होता टॉम लँड्री, महायुद्धात बॉम्बफेकी विमानं चालवून आलेला टेक्सासचा तरुण. असं सांगतात की ओवेन यांनी फळ्यावर रचना काढली आणि खडू लँड्रीच्या हातात देऊन समजावून सांगायचं काम त्याच्यावर सोपवलं. जायंट्स ६-० ने जिंकले. ब्राउन्सना एकही गुण न मिळण्याची त्यांच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ. लँड्री पुढे डॅलस काउबॉइजचा २९ वर्षं प्रशिक्षक राहिला आणि इतका मोठा झाला की तो मुळात कॉर्नरवरचा खेळाडू होता हे आज कोणाच्या ध्यानात नसतं.

छत्रीत मागे उभा असलेला एम्लेन टनेलही विसरण्यासारखा नाही. १९४८ मध्ये केळ्यांच्या ट्रकमधून फुकट प्रवास करत तो न्यूयॉर्कला आला आणि न बोलावता जायंट्सच्या कचेरीत गेला. त्या संघाचा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. लेनही असाच दार ठोठावून आला, हा योगायोग नव्हे. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी नियम नव्हता, पण संगनमत होतं. १९४६ मध्ये रॅम्स लॉस एंजेलिसला आले तेव्हा सार्वजनिक पैशातून बांधलेलं स्टेडियम वापरायचं असेल तर सगळ्यांना दार उघडा, असा दबाव तिथल्या कृष्णवर्णीय पत्रकारांनी आणला. तेव्हा कुठे रॅम्सनी केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना घेतलं. लेन शिरला ते दार उघडून जेमतेम सहा वर्षं झाली होती.

दार उघडलं, पण आतल्या खोल्या वाटून दिलेल्या होत्या. क्वार्टरबॅक हा 'विचार करणारा', म्हणून गोरा. कॉर्नरबॅक 'प्रतिक्रिया देणारा', वेगाचा, म्हणून काळा. प्रशिक्षकांचा हा पूर्वग्रह कित्येक दशकं इतका पक्का होता की समाजशास्त्रज्ञांनी त्याला स्वतंत्र नाव दिलं. गंमत अशी की समोरचा कुठे वळेल याचा विचार सगळ्यांत जास्त कॉर्नरबॅकलाच करावा लागतो. एकेकाळच्या त्या वाटणीची छाप अजून पुसलेली नाही : २००० नंतर वीसेक वर्षं या जागेवर गोरा खेळाडू दिसणं म्हणजे बातमी होती.

परत लेनकडे. त्याला खरं तर रिसीव्हर व्हायचं होतं. पण रॅम्सकडे टॉम फिअर्स आणि एलरॉय हर्श असे दोन दिग्गज आधीच बसले होते. लेन डावपेचांची परिभाषा शिकायला फिअर्सच्या खोलीवर जायचा. तिथे फोनोग्राफवर 'नाइट ट्रेन' ही तबकडी सारखी फिरत असायची. कोणीतरी लेनला त्याच नावाने हाक मारली आणि नाव चिकटलं. बचावात ढकलला गेलेला हा रिसीव्हर मनाने रिसीव्हरच राहिला. तो समोरच्याला मुद्दाम दोन पावलं मोकळं सोडायचा. क्वार्टरबॅकला वाटायचं, रान मोकळं आहे. चेंडू सुटला की नाइट ट्रेन निघायची.

आणि झेल घेता आला नाही तर? मग तो गड्याच्या गळ्यात हात टाकून त्याला खाली आणायचा. याला 'नाइट ट्रेन नेकटाय' म्हणत. हेल्मेटच्या जाळीत बोटं अडकवून मान वळवणंही त्याला वर्ज्य नव्हतं. १९६२ पासून कोणाचीही जाळी धरायला सक्त बंदी आली. गळ्यावरचे वारही पुढे नियमबाह्य ठरले. लेन १९६५ पर्यंत खेळला, एकूण ६८ इंटरसेप्शन घेऊन निवृत्त झाला. 'ब्लूजची राणी' म्हणून गाजलेली गायिका डायना वॉशिंग्टन हिचा तो शेवटचा नवरा. १९६३ साली लग्न झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरात ती गेली. नावात गाणं असलेल्या माणसाच्या घरात गाणं एवढंच टिकलं.

लेनपासून एक रीत पडली, ती अजून चालू आहे. कोणी कॉर्नरबॅक फार चांगला निघाला की नियमपुस्तिका बदलते. कारण साधं आहे : प्रेक्षकाला चेंडू झेललेला बघायचा असतो, टीव्हीला टचडाउन हवं असतं, आणि हा इसम नेमका त्याच्या आड येतो. धंद्याच्या दृष्टीने तो चांगला असावा, पण फार नव्हे.

साठच्या दशकात ओकलंड रेडर्सच्या विली ब्राउनने आणि इतरांनी नवी युक्ती रूढ केली. दूर उभं राहून वाट कशाला बघायची? रिसीव्हरच्या तोंडासमोरच उभं राहायचं, निघताक्षणी छातीवर हात देऊन त्याची लय मोडायची आणि मग बिलगून पळायचं. चेंडू हवेत सुटेपर्यंत धक्काबुक्कीला तेव्हा मज्जाव नव्हता. ब्राउन ग्रॅम्ब्लिंग या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून आला होता. १९६३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातले नवे खेळाडू संघ वाटून घेतात त्या निवडीत, त्याला कोणीही निवडलं नव्हतं. जानेवारी १९७७ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, वयाच्या छत्तिशीत त्याने मिनेसोटाच्या फ्रॅन टार्केंटनचा पास पळवला आणि ७५ यार्ड धावत नेला. अशा कॉलेजांतून निघालेले कॉर्नरबॅक मोजायला बसलं तर यादी लांबेल. जॅक्सन स्टेटचा लेम बार्नी तेवढा सांगतो, कारण तो मला आवडतो : लेन जिथे शेवटी खेळला त्या डेट्रॉइटला त्याच्यानंतर दोन वर्षांनी आला, पहिल्याच मोसमात १० पास पळवले आणि पुढे मार्विन गे याच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या गाण्यात मागे साथीलाही गायला.

पण त्या युक्तीचा कळस म्हणजे पिट्सबर्ग स्टीलर्सचा मेल ब्लंट. जॉर्जियातल्या व्हिडेलिया या खेड्यावजा गावातून आलेला, सहा फूट तीन इंच उंच, नव्वद किलोच्या वर वजन, आणि एवढं शरीर असून रिसीव्हरइतकाच वेगवान. त्याने समोरच्याला पकडलं की तो मैदानात असूनही खेळात नसायचा. १९७५ मध्ये ब्लंटने ११ पास पळवले. सगळीकडचे बचाव असेच वरचढ होत गेले आणि १९७७ च्या मोसमात संघामागे सामन्याला सरासरी गुण आले १७.२, १९४२ नंतरचे सगळ्यांत कमी. लीगच्या पोटात गोळा आला. १९७८ पासून नियम झाला : पहिल्या पाच यार्डांपुढे रिसीव्हरला हात लावायचा नाही. जोडीला पुढच्या फळीतल्या पहिलवानांना हात लांब करून क्वार्टरबॅकचं रक्षण करायला मोकळीक मिळाली. पुस्तिकेत ब्लंटचं नाव कुठेही नाही, पण अख्खी अमेरिका त्याला 'मेल ब्लंट नियम' म्हणते. स्वतःच्या नावाचा कायदा असणं हा मोठा मान, फक्त तो तुमच्याविरुद्ध असतो. त्यातली मजा अशी की नव्या नियमाचा फायदा उठवला स्टीलर्सनीच. त्यांचा क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉ मोकळ्या झालेल्या रानात पास फेकू लागला आणि पुढचे दोन्ही सुपर बोल त्यांनी जिंकले. ब्लंटने निवृत्तीनंतर अडचणीतल्या मुलांसाठी वसतिगृहं काढली आणि डोक्यावरची काउबॉय टोपी काही उतरवली नाही.

हात लावायचा नाही म्हटल्यावर हातांचं करायचं काय? रेडर्सच्या लेस्टर हेजने उत्तर शोधलं : डिंक. 'स्टिकम' नावाचा चिकट पदार्थ तो हातांना, कोपरांना, मोज्यांना असा थापायचा की चेंडू त्याच्या अंगाला लागला की सुटायचा नाही. हे वेड त्याला लावलं त्याच्याच संघातल्या फ्रेड बिलेट्निकॉफ या रिसीव्हरने. १९८० मध्ये हेजने १३ पास पळवले, लेनच्या विक्रमाला एकच कमी. १९८१ मध्ये स्टिकमवर बंदी. त्याच्या पुढच्या सहा मोसमांची बेरीज केली तरी त्या एका वर्षाची जेमतेम बरोबरी होते. लोक म्हणाले, बघा, सगळी करामत डिंकाची. मला हे अर्धसत्य वाटतं. हेज पडला नव्हता. त्याच्या बाजूला चेंडू येणंच थांबलं होतं. जानेवारी १९८४ मध्ये हेज आणि माइक हेन्स या जोडीने वॉशिंग्टनच्या नामांकित रिसीव्हरांना असं जखडलं की रेडर्स ३८-९ ने सुपर बोल घेऊन गेले.

लेनच्या विक्रमाचं कोडं इथे सुटायला लागतं. १९५२ मध्ये फेकलेल्या पासांपैकी निम्म्याहून कमीच आपल्या माणसाच्या हाती लागत. आज तीनपैकी जवळपास दोन लागतात. लांबवर उंच भिरकावलेल्या चेंडूच्या जागी आखीव, आखूड, झटपट पास आले. आणि मुख्य म्हणजे चांगल्या कॉर्नरबॅकच्या वाटेला जायचं नसतं, हे क्वार्टरबॅक शिकले. लेनच्या काळात ते शहाणपण कोणाला नव्हतं. त्याच्यावर विश्वास नव्हता म्हणून ते त्याच्याकडे फेकत राहिले आणि तो झेलत राहिला. पुढे या जागेवरच्या थोरवीचं मापच उलटं झालं. किती झेलले यापेक्षा तुमच्याकडे किती फेकलेच नाहीत, यावर किंमत ठरू लागली. न घडलेल्या गोष्टींचा पगार.

हा पगार मोठ्याने मागणारा पहिला माणूस डियॉन सँडर्स. फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सचा, 'प्राइम टाइम' हे टोपणनाव मिरवणारा, गळ्यात सोन्याच्या साखळ्या. कॉर्नरबॅकसारख्या आडबाजूच्या जागेवरून टीव्हीचा नायक होता येतं हे त्याने ठरवून सिद्ध केलं. बेसबॉलही तो व्यावसायिक पातळीवर खेळायचा. ११ ऑक्टोबर १९९२ रोजी दुपारी मायामीत फुटबॉलचा सामना खेळला आणि विमानाने पिट्सबर्गला जाऊन संध्याकाळी बेसबॉलच्या सामन्यासाठी गणवेश चढवून बसला. सुपर बोल आणि बेसबॉलची वर्ल्ड सिरीज दोन्ही खेळलेला तो एकटाच. गड्याला अंगावर घेऊन पाडायचं काम त्याला फारसं रुचत नसे आणि ते तो लपवतही नसे. १९९३ मध्ये खेळाडूंना करार संपल्यावर हव्या त्या संघात जाण्याचं स्वातंत्र्य मिळालं, त्याचा खरा अर्थ सँडर्सला कळला. १९९४ मध्ये एका वर्षासाठी सॅन फ्रान्सिस्कोला गेला, सुपर बोल जिंकला. १९९५ मध्ये डॅलसने सात वर्षांसाठी ३.५ कोटी डॉलर मोजले. तिथेही पहिल्याच वर्षी सुपर बोल. मैदानाची एक बाजू विकत घेतल्यासारखा प्रकार होता तो; त्याच्या बाजूला चेंडू जायचाच नाही, मग उरलेल्या दहा जणांना अर्ध्याच मैदानाची राखण.

पेन्सिल्व्हेनियात अलिक्विपा नावाचं एक गाव आहे. पोलादाचा प्रचंड कारखाना होता, तो बंद पडला, आता दहा हजारांपेक्षा कमी वस्ती उरली आहे. या एवढ्याशा गावाने हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या यादीत, गेलेले दोन कॉर्नरबॅक दिले. पहिला टाय लॉ. जानेवारी २००४ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून खेळताना त्याने एकाच सामन्यात क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचे तीन पास पळवले. मॅनिंगचा संघ हरला; त्या संघाचे व्यवस्थापक नियम ठरवणाऱ्या समितीवर होते. त्या वर्षी नवा नियम नाही आला, जुनाच 'काटेकोर पाळा' असं पंचांना सांगण्यात आलं. नियमभंगाची पिवळी फडकी भराभर पडू लागली आणि त्याच मोसमात मॅनिंगने ४९ टचडाउन पासचा तेव्हाचा विक्रम केला. ब्लंटला कायदा लागला, लॉसाठी फक्त परिपत्रक पुरलं.

दुसरा डॅरेल रेव्हिस. २००९ मध्ये न्यूयॉर्क जेट्सकडून त्याने एकामागून एक नावाजलेले रिसीव्हर असे गिळले की त्याच्या बाजूला 'रेव्हिस आयलंड' हे नाव पडलं. समोरचा त्या बेटावर गेला की परत येत नाही. पण रेव्हिसची खरी कहाणी करारांची आहे. त्याचा मामा शॉन गिल्बर्ट हाही एनएफएलमधला. पैशांच्या वादात १९९७ चा अख्खा मोसम घरी बसलेला. भाचा त्याच शाळेत शिकला. २०१० मध्ये सराव शिबिराला गेलाच नाही, नवा करार पदरात पाडून घेतला. २०१२ मध्ये गुडघा गेला. २०१३ मध्ये टँपा बेने सहा वर्षांचे ९.६ कोटी डॉलर देऊ केले. त्यात हमीचा एक सेंटही नव्हता, आणि वर्षभरात त्यांनी त्याला मोकळं केलं. मग एक वर्ष पेट्रियट्स, मग पुन्हा जेट्स. वय झालं, पाय जड झाले, बेटावर लोक सहज येऊ-जाऊ लागले. २०१८ मध्ये निवृत्त. एवढ्या मोठ्या कारकिर्दीत इंटरसेप्शन फक्त २९. लेनची पहिली तीनेक वर्षं समजा. तरीही हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेताना कोणी भुवई उंचावली नाही.

१ फेब्रुवारी २०१५. ॲरिझोनात सुपर बोल. भारतात सोमवारची सकाळ, कचेरीला निघायची वेळ. पेट्रियट्स चार गुणांनी पुढे आणि सिअॅटल सीहॉक्स टचडाउनपासून एक यार्डावर. सीहॉक्सच्या बाकावर रिचर्ड शर्मन, त्या काळातला सगळ्यांत बोलका कॉर्नरबॅक. त्याच्या संघाने २०१३ च्या मोसमात रिसीव्हरना असं धरून ठेवलं होतं की पुढच्या वर्षी पंचांना पुन्हा एकदा 'काटेकोर पाळा' सांगावं लागलं. पेट्रियट्सकडून मैदानात रेव्हिस. त्याच्याशिवाय ब्रँडन ब्राउनर, जो आधी शर्मनचाच जोडीदार होता. आणि माल्कम बटलर नावाचा एक नवखा : मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गचा, मध्यंतरी कोंबडी तळून विकणाऱ्या पोपाइजच्या दुकानात काम केलेला, ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेला. सीहॉक्सची मांडणी पाहून ब्राउनरने ओळखलं काय येतंय. त्याने समोरच्या रिसीव्हरला जागच्या जागी थोपवलं. सरावात याच चालीवर फसलेला बटलर या वेळी चेंडूच्या आधी पोचला. घड्याळात उरले २० सेकंद. ब्राउनरचं नाव त्या रात्री फारसं कोणी घेतलं नाही. शर्मनचा तेव्हाचा चेहरा मात्र जगाने पाहिला.

तीन वर्षांनी आणखी एका सुपर बोलमध्ये बटलर बचावाच्या एकाही चालीसाठी मैदानात उतरला नाही. प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी धड कारण दिलं नाही, संघ ४१-३३ ने हरला. सामन्याआधी राष्ट्रगीताच्या वेळी त्या पोराचे डोळे वाहत होते तेही कॅमेऱ्याने टिपलं.

जानेवारी २०१९ मध्ये तर उलटीच तऱ्हा झाली. रॅम्सच्या निकेल रोबी-कोलमनने चेंडू पोचण्याआधीच न्यू ऑर्लिन्सच्या रिसीव्हरला धडक देऊन आडवं केलं, स्टेडियमने पाहिलं, देशाने पाहिलं, पंचांनी नाही. रॅम्स सुपर बोलला गेले. लीगने वर्षभर अशा निर्णयांचं व्हिडिओवरून पुनरावलोकन करून पाहिलं आणि घोळ वाढतोय म्हणून गुंडाळून ठेवलं. म्हणजे एका कॉर्नरबॅकच्या चुकीवरही नियम झाला.

आता चक्र फिरून पहिल्या जागी येतंय असं वाटतं. डियॉन सँडर्स आधी लेम बार्नीच्या जॅक्सन स्टेटमध्ये प्रशिक्षक झाला, मग कोलोरॅडोत. त्याचा शिष्य ट्रॅव्हिस हंटर तिथे रिसीव्हरही खेळायचा आणि कॉर्नरबॅकही, एकाच सामन्यात, दमछाक न होता. १९५० पूर्वीच्या माणसासारखा, अख्खा. कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची २०२४ ची हाइझमन ट्रॉफी त्याला मिळाली आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये जॅक्सनव्हिलने दुसऱ्या क्रमांकावर त्याला उचललं.

एका घराण्याबद्दल सांगायचं राहिलं. १२ ऑगस्ट १९७८, म्हणजे ब्लंटचा नियम लागू झाला ते वर्ष. ओकलंडमध्ये मोसमापूर्वीचा, निकालाला काहीही महत्त्व नसलेला सामना. पेट्रियट्सचा रिसीव्हर डॅरिल स्टिंगली मधून आडवा पळत आला, चेंडू हाताबाहेर उंच गेला, तो झेपावला आणि समोरून रेडर्सचा सेफ्टी, म्हणजे अगदी मागचा राखणदार, जॅक टेटम आदळला. मानेचे मणके मोडले. स्टिंगली २६ वर्षांचा होता. पंचांनी फडकं टाकलं नाही, कारण तेव्हाच्या नियमांत ती धडक बसत होती. दोनच वर्षांनी टेटमचं आत्मचरित्र आलं, त्याच्या नावातच त्याने स्वतःला मारेकरी म्हणवून घेतलं होतं. स्टिंगली २००७ मध्ये वारला, तोपर्यंत चाकांच्या खुर्चीत होता.

त्याचा नातू डेरेक स्टिंगली ज्युनियर तेव्हा पाच वर्षांचा. २०२२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सनी त्याला ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. आजोबा रिसीव्हर, नातू कॉर्नरबॅक. मार्च २०२५ मध्ये त्याने तीन वर्षांसाठी ९ कोटी डॉलरचा करार केला, त्या घडीला या जागेवरचा सगळ्यांत महागडा. त्याआधीच्या मोसमात त्याच्या हाती पाच पास लागले होते. नाइट ट्रेन लेनला १२ सामन्यांत १४ मिळाले, आणि त्याच वर्षी थोडं आधीपर्यंत तो तेलकट पत्रे उचलत होता.